धाकलूला नेताना

बारवीच्या जंगलात कोळशाची भट्टी खचली आणि तिच्यावर चढलेला मजूर धाकलू कमरेपर्यंत निखाऱ्यात गेला. ओढून काढला तेव्हा दोन्ही पायांची कातडी सोलली होती. मुकादमाने त्याला कोळशाच्या ट्रकमध्ये केळीच्या पानांवर निजवलं. बायको येसू पाण्याचा हंडा घेऊन शेजारी बसली. दवाखाना थेट उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीत.

साल १९५१. ट्रक लष्कराने महायुद्धानंतर विकून टाकलेला. ड्रायव्हर जयदेव तो दोन वर्षं चालवत होता.

पहिल्याच चढाला इंजिन उकळलं. जयदेवने ओढ्याच्या डबक्यातून डबा भरून ओतला नि निघाला. दोन मैलांवर पुन्हा वाफ. पुन्हा पाणी, एका गावच्या विहिरीतलं. तिसऱ्यांदा गाडी उघड्या माळावर थांबली. बदलापूर अजून तीन मैल होतं आणि आसपास पाण्याचा थेंब नव्हता.

"दादा, त्याचा आंग कापतंय," येसू वरून ओरडली. "लवकर कर!"

जयदेवने बॉनेट उघडलं. आपण नुसतं पाणी ओततोय, ते जातंय कुठे हे बघतच नाही, हे आता त्याच्या लक्षात आलं. गाडीखाली ओल नव्हती. पंख्याचा पट्टा घट्ट होता. त्याने रेडिएटरला खाली हात लावला आणि दचकला. गार! इंजिनाजवळ हात नेववत नव्हता आणि रेडिएटर गार. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारी झडप असते, ती बंदच अडकली होती.

इंजिन निवेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. हाताला फडकं गुंडाळून त्याने पान्याने झडपेवरच्या झाकणाचे दोन बोल्ट सोडले. उकळतं पाणी मनगटावर उडालं. झडप उपटून त्याने माळावर फेकली आणि झाकण परत आवळलं.

"येसूबाई, हंडा द्या."

"ह्यो त्याला प्यायला हाय!"

"गाडी हलली नाही तर तो इथंच जाईल."

येसूने धाकलूकडे पाहिलं. पदराचा शेव पाण्यात बुडवून त्याच्या ओठांवर पिळला आणि हंडा खाली दिला.

गाडी निघाली. बदलापूर गेलं, अंबरनाथ गेलं, इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा वर चढला नाही. धाकलू मात्र बोलेनासा झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "माणूस बहुतेक वाचेल. उजवा पाय कापावा लागेल."

जयदेव बाहेर ओट्यावर येसूजवळ आला. "पहिल्यांदा उकळलं तेव्हाच बघायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "तास गेला माझ्यापायी."



"मना गाडीतला काय ठाऊक, दादा?" येसू म्हणाली. "पन आज जाऊ नको. हितं मना कोन न्हाय."

जयदेव तिथंच बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकलूला पाय कापायला आत नेलं, तेव्हाही तो ओट्यावरच होता.