माझ्याच कागदाच्या पट्ट्या

मित्रांनो, मी एक जुनी, दोऱ्याने शिवलेली वही आहे. हिरवा पुठ्ठा, कापडी पाठ आणि तीनशेवर पाने. माझे कोपरे आता झिजले आहेत, पण शिवण अजून पक्की आहे. सुरुवातीलाच एक कबूल करते, म्हणजे पुढे लपवालपवी नको. मी मत्सरी आहे. जन्मभर मी एका पत्र्याच्या डब्यावर जळत आले.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या कारखान्यात झाला. तिथे तीस वर्षे सुई-दोरा चालवणाऱ्या एका आत्याने मला घडवले. तिच्या भाचीला नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. ही भाची एका जागी कधी बसायची नाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्यासाठी आत्याने कागद निवडला, एकेक घडी पट्टीने दाबली, शिवली, खळ लावली आणि दोन दिवस वजनाखाली ठेवली. मग यंत्रात घालून माझ्या तिन्ही कडा कापल्या. कापून दोन-तीन बोटे रुंद अशा पट्ट्या उरल्या. आत्या कागदाचा कपटाही टाकत नसे. तिने त्या पट्ट्या आपल्या शिवणाच्या पत्र्याच्या डब्यात कोंबल्या. मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. उरलेसुरले ते, त्याच्याकडे कोण बघणार?

भिंगरीने मला जीव लावला. चार रंगांच्या पेनांनी तिने माझी पाने सजवली. हृदयाची आकृती तर अशी काढली, की वर्गातल्या मुली ती बघायला रांग लावत. एकदा बाईंनी मला सगळ्यांसमोर उंच धरले आणि म्हणाल्या, "वही असावी तर अशी!" त्या दिवसापासून माझा पुठ्ठा दोन बोटे फुगला असेल.

रोज सकाळी गॅलरीत बसून भिंगरी मला पहिल्यापासून वाचायची. महत्त्वाच्या ओळीखाली रेघ, त्या रेघेखाली आणखी एक रेघ. पान उघडले की तिला ओळख पटायची, आणि ओळख पटली की तिला वाटायचे, हे आपल्याला येते. मलाही तसेच वाटायचे.

परीक्षेचा निकाल लागला आणि भिंगरी नापास झाली. आणखी एक संधी होती, सहा महिन्यांनी. तीही हुकली तर शिक्षण सोडून घरी बसायचे, असा नियम होता.

मला छातीशी धरून ती कारखान्यात आत्याकडे आली. जेवणाची सुट्टी होती. "आत्या, पान डोळ्यांसमोर दिसत होतं गं! डावीकडे, वरच्या बाजूला, लाल चौकटीत. चौकट दिसत होती. आत काय लिहिलंय तेवढंच दिसत नव्हतं."

आत्याने हात पुसले. "वही मिट."

"अगं, पण आधी..."

"मिट म्हणते ना. आता सांग, हृदयात रक्त येतं कुठून आणि जातं कुठे?"

भिंगरीने बोटाने हवेत चौकट काढली. मग म्हणाली, "येतं मला. फक्त आठवत नाहीये."

"मग ते वहीला येतं, बाळ. तुला नाही."

मित्रांनो, खरे सांगते, ते वाक्य मला माझे कौतुक वाटले.

आत्या पुढे सांगू लागली. "मी नवी होते तेव्हा शिवलेला नमुना समोर ठेवून आठ दिवस शिवत होते. नमुना उचलला की हात थांबायचे. मग मालकांनी तो कपाटातच घातला. चुकायचं, उसवायचं, पुन्हा आठवून शिवायचं. तेव्हा कुठे हातात बसलं."

असे म्हणून तिने शिवणाचा डबा काढला. दोरे, बटणे, सुया यांचे तीन कप्पे तिने रिकामे केले आणि माझ्याच कागदाच्या त्या पट्ट्या भिंगरीपुढे ठेवल्या. पट्टीच्या एका बाजूला प्रश्न लिहायचा, मागे उत्तर. पहिल्या कप्प्यातल्या पट्ट्या रोज विचारायच्या. आले की ती पट्टी दुसऱ्या कप्प्यात, तिची पाळी तीन दिवसांनी. तिथेही आले की तिसऱ्यात, आठवड्याने. कुठेही चुकले की मुकाट्याने पुन्हा पहिल्या कप्प्यात.

"आठवड्यात विसरून नाही का जाणार मी?"

"जा की थोडं विसरून. जरा विसरलेलं मेहनतीनं आठवलं, की ते घट्ट बसतं. आणि रविवारी सगळ्या पट्ट्या वहीशी ताडून बघायच्या. हे विसरायचं नाही."

त्या दिवसापासून माझे दिवस फिरले. मला कारखान्याच्या फळीवर ठेवले, खळीच्या डब्याशेजारी. रोज दुपारी भिंगरी यायची ती त्या पट्ट्यांच्या डब्याला घेऊन. मी जळफळत बघायचे. माझ्यासमोर ती जांभया द्यायची, आणि त्या चिटुकल्या पट्ट्यांशी चक्क भांडायची! "श्शी! पुन्हा चुकलं!" म्हणून कपाळावर हात मारायची, आले की टुणकन उडी मारायची. मूत्रपिंडामागून हाडे, हाडांमागून जखमेचे पट्टीबंधन, सगळी सरमिसळ. माझ्यात सगळे कसे धडावार, टापटीप होते! आत्या मुद्दाम म्हणायची, "मला अडाणी बाईला कळेल असं सांग." मग भिंगरी सुतळीच्या तुकड्यांनी रक्तवाहिन्या मांडून दाखवायची. माझी ती रांग लावून बघण्यासारखी आकृती फळीवर धूळ खात पडली होती.

आणि मला एक गुपित माहीत होते.

पट्ट्या लिहिताना घाईत भिंगरीची नजर एक ओळ वर सरकली होती. माझ्यात दोन ओळी होत्या. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस. नवजात बाळाचा तीस ते साठ. तिने बाळाच्या पट्टीमागे मोठ्या माणसाचा आकडा लिहिला. पहिले काही रविवार मला घरी नेऊन ती पट्ट्या ताडायला बसली, पण दहा-वीस पट्ट्या झाल्या की कंटाळायची. पुढे तेही सुटले. प्रत्येक वेळी ती ठसक्यात सांगायची, "नवजात बाळ, बारा ते वीस!" पट्टी दुसऱ्या कप्प्यात गेली, मग तिसऱ्यात. चूकही तितकीच घट्ट बसत चालली.

मित्रांनो, मी मनात हसत होते. वह्यांना बोलता येत नाही हे खरे. पण येत असते तरी मी बोलले नसते. नापास होऊ दे, मग येईल माझ्याकडे रडत, असे मला वाटायचे. इतका वाईट असतो मत्सर.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. खळ करणाऱ्या मावशी त्या दिवशी आपली पंधरा दिवसांची नात सगळ्यांना दाखवायला घेऊन आल्या. बाळ मांडीवर शांत झोपले होते. भिंगरीने हौसेने घड्याळ लावून त्याचे श्वास मोजले, आणि ती ताडकन उभी राहिली.

"मावशी, चव्वेचाळीस! फार जोरात चाललाय श्वास. उठा, दवाखान्यात न्या हिला!"

मावशींनी बाळाला घट्ट धरले. "अगं बाई! आत्ता तर दूध प्यायली गं पोर..."

बाळाने झोपेतच ओठ चोखले. आत्याने त्याच्याकडे पाहिले, मग भाचीकडे. "थांब. वही शेवटची कधी उघडलीस?"

भिंगरीने फळीकडे पाहिले.

आत्याने मला फळीवरून काढले, पदराने पुसले आणि पान उघडले. तीस ते साठ. बाळ अगदी ठणठणीत होते. मावशींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि भिंगरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "नर्स होण्याआधीच माझा जीव घेशील की गं!"

सगळे हसले. भिंगरी मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "आत्या, उलटं असतं तर? बाळ खरंच आजारी असतं, श्वास वीसवर आला असता, आणि मी म्हणाले असते, छान आहे, झोपू द्या."

माझी पाने आतून गार पडली. इतके दिवस मी जिच्या नापास होण्याची वाट बघत होते, तिच्या हाती उद्या अशी बाळे येणार होती. हे माझ्या टापटीप डोक्यात कधी आलेच नव्हते.

आत्याने मापाचा जुना पुठ्ठा भिंतीवरून काढला. "हा बघ. पुठ्ठे कापताना दर वेळी ह्याच्यावरून माप घ्यायचं. कापलेल्यावरून पुढचा, त्यावरून पुढचा, असं केलं तर शंभरावा पुठ्ठा भलत्याच मापाचा निघतो. पट्ट्या म्हणजे तुझा सराव. वही म्हणजे हा पुठ्ठा. रोज लागत नाही, पण नसला की सगळं वाकडं."

भिंगरीने ती चुकीची पट्टी खोडून बरोबर केली आणि पहिल्या कप्प्यात टाकली. सगळ्या पट्ट्या माझ्याशी ताडताना आणखी दोन चुका सापडल्या. ती पास झाली.

आज ती बाळांच्या विभागात मोठी सिस्टर आहे. मी तिच्या खोलीतल्या कपाटात असते. डबा मात्र अजून तिच्या पिशवीतून हिंडतो, नव्या मुलींच्या हातात त्याचे झाकण खडखडते, आणि तो खडखडाट ऐकला की मी अजूनही जळफळते. खोटे कशाला बोलू? पण रविवारी ती मला टेबलावर ठेवते, नव्या मुली भोवती जमतात, आणि माझ्याच अंगाच्या त्या पट्ट्या एकेक करून माझ्यापुढे येतात. तपासून घ्यायला.

मित्रांनो, तुमच्या वह्या जपा. त्यांच्यावर खुशाल रंगीत रेघा ओढा, आम्हाला नटायला आवडते. पण वाचून झाले की आम्हाला मिटा आणि स्वतःला विचारा, काय उरले? आम्ही रुसलो तरी चालेल. फक्त मिटून विसरू नका. जे आठवले ते बरोबर आहे का, हे बघायला परत या. आम्ही फळीवर वाट बघत असतो.