तांबड्या शाईतलं नाव

सुनेने सकाळी भिंतीवरचा कागद पाहिला आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून मऊ भाताचा एक घासही ती घेईना.

"कालपर्यंत निदान ओठ तरी उघडत होती," मुलगा म्हणाला. "आई, झालं काय?"

आईंना काय ठाऊक! डॉक्टर मघाशीच सांगून गेले होते, "दुपारपर्यंत वाट बघू. नाहीतर पोटात नळी घालावी लागेल. गिळायला पेशंटचीही साथ लागते हो."

सून चीनची. तिकडे तिचं कुणी उरलं नव्हतं. लग्नानंतर ती मराठी शिकली, आईंशी लटकं भांडण्याइतकी शिकली. मग मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. आता कुठल्याही भाषेत बोला, ती नुसती बघत राही. तिच्या जुन्या पुस्तकातल्या अक्षरांवर मात्र तिची नजर ठरायची.

एवढ्याशा धाग्याला धरून आई वाचनालयातल्या चिनी शिकवणीला जाऊ लागल्या. बाई प्रत्येक अक्षराची गोष्ट सांगायच्या. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विसावा. छपराखाली डुक्कर म्हणजे घर.

"डुक्कर? माझ्या देवघराला चालायचं नाही हो बाई!"

"त्यांच्याकडे ती भरभराट, मावशी. आणि छपराखाली बाई म्हणजे शांती."

"ती बाई एकटीच असणार घरात," आई म्हणाल्या, आणि वर्ग हसला.

सुनेच्या नावातलं शेवटचं अक्षर तेच होतं, शांती. आंघोळ झाली की देवापुढे बसून आई ते नाव गिरवायच्या. माळ ओढावी तसं, मनात दुसरं काही न आणता. परवा बाईंनी राक्षसाची लोककथा सांगितली. वर्षाच्या शेवटी तो माणसं खायला यायचा, पण तांबडा रंग दिसला की पळायचा; म्हणून लोक दाराला तांबडे कागद लावू लागले. आईंना वाटलं, देवच बोलला. काल त्यांनी तांबडी शाई आणली, सुनेचं नाव मोठ्ठं लिहिलं आणि आज पहाटेच पलंगासमोर चिकटवलं. आता काळाची काय बिशाद!

त्यांनी बाईंना फोन लावला. "नाव बघितलं आणि तोंड फिरवलं हो तिने. अक्षर चुकलं का माझं?"

"कसल्या शाईने लिहिलंत?"

"तांबड्या. तुमच्या राक्षसासाठी."

बाई हळूच म्हणाल्या, "मावशी, तांबडा कागद शुभच. पण जिवंत माणसाचं नाव तांबड्या शाईत लिहीत नाहीत त्यांच्यात. ते गेलेल्याचं. नाहीतर ज्याचं मरण चिंतायचं त्याचं."

आईंनी फोन ठेवला आणि मुलाला सारं सांगितलं. पोरीला बोललेलं कळत नाही. जे एक कळतं, त्यातच मी तिला तू मेलीस म्हणून सांगितलं. देवा, माझ्याच हाताने!

"फाडून टाकतो," मुलगा उठला.

"नको रे! तिच्यादेखत तिचं नाव फाडतोस? पेन दे. काळं."

त्यांनी कागद उतरवून पलंगावर, तिच्या डाव्या हाताशी ठेवला आणि तांबड्या रेघांवर काळ्या रेघा ओढू लागल्या. तांबडं दोन्ही कडांनी बाहेर डोकावत होतं. त्या पुन्हा पुन्हा जाड करत राहिल्या. तोंडाने रोजचं नाम चालू होतं, त्यात मध्येच "चुकले गं बाळा, चुकले" मिसळत होतं. ते तिला कळणार नव्हतंच.

शेवटच्या अक्षराशी घाईघाईत त्यांनी छप्पर सोडून आतली बाईच गिरवायला घेतली.

त्यांच्या मनगटावर गार बोटं आली. सुनेचा डावा हात. पकड कसली, नुसतं ओझं. पण त्या ओझ्याने पेन वर सरकलं, छपरापाशी.

"आधी छप्पर," आई पुटपुटल्या. "हो गं. आधी छप्पर."

अक्षर पुरं झालं. तांबडं कुठेच दिसेना. सून कागदाकडे बघत राहिली, मग आईंकडे. डोळ्यांत राग होता की आणखी काही, आईंना वाचता आलं नाही. त्यांनी मनगट तसंच तिच्या हाताखाली राहू दिलं आणि दुसऱ्या हाताने चमचा उचलला.

बाहेर डॉक्टरांची पावलं वाजली.

ओठ किंचित विलगले. भात हनुवटीवर ओघळला. थोडा आत राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग गळ्याशी काहीतरी हललं.

"गिळलं का गं आई?"

"गप बस," आई म्हणाल्या. "वाटी जवळ धर."