साठ गिऱ्हाईकं, दहा मिनिटं

घरात तिला मिरची म्हणत, ते उगाच नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षाचा शोधनिबंध बाईंनी तिसऱ्यांदा परत केला, तेव्हा तिने दप्तर खुर्चीवर असं आपटलं की आतला डबा उघडला.

विषय तिनेच निवडलेला: सलूनमध्ये गिऱ्हाईक किती वेळ वाट बघतं आणि कधी कंटाळून उठून जातं. बाबांचं स्वतःचं सलून असताना गावभर कशाला फिरा? महिनाभर बाबांनी रोज दोन-दोन गिऱ्हाईकांच्या वेळा वहीत टिपल्या. तिने त्यांचे तक्ते केले, आलेख काढले. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, प्रस्तावना पाल्हाळिक आहे. दुसऱ्यांदा, संदर्भांची यादी विस्कळीत. दोन्ही निस्तरेपर्यंत पोरीच्या नाकी नऊ आले, आणि आता लाल शाईत एकच ओळ: 'साठ गिऱ्हाईकं आली आणि दहा मिनिटांच्या वर कोणीच थांबलं नाही?' सोमवारी निबंध दिला नाही तर शाळेचा दाखला अडणार होता.

"एवढं आधी नाही का सांगता आलं यांना?" ती आईवर खेकसली.

"माझ्यावर कशाला? वही ज्यांनी लिहिली त्यांना विचार."

विचारण्याआधी, शनिवारी ती स्वतःच घड्याळ घेऊन सलूनच्या बाकड्यावर बसली. पहिला माणूस अडतीस मिनिटं थांबला, दुसरा एक्केचाळीस. तिसरा 'आलोच' म्हणून गेला तो गेलाच. खुर्च्या दोन, पण बाबा एकटे. दुसरा कारागीर सोडून गेल्याला वर्ष झालं होतं. संध्याकाळपर्यंत सव्वीसजण आले, त्यातले अकरा उठून गेले. महिन्याची मेहनत पाण्यात, आणि तीही कोणामुळे? आपलेच दात, आपलेच ओठ. रडावं की ओरडावं, तिला कळेना.

रविवारभर चरफडत, खोडत तिने त्या सव्वीसजणांवर निबंध पुन्हा उभा केला. एका ठिकाणी मात्र गाडी अडली. वगळलेल्या नोंदी का वगळल्या ते लिहायचंच, असा बाईंचा नियम. 'घड्याळ बिघडलं होतं,' तिने लिहिलं आणि खोडलं. 'नोंद ठेवणारा नवखा होता.' तेही खोडलं.

"काय अडलंय?" सलूनच्या धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत बाबांनी विचारलं.

"तुमचीच वही! सगळीकडे दहाच्या आतले आकडे का लिहिलेत? मला नापास करायचं होतं का?"

"शाळेत सगळे वाचणार, म्हणाली होतीस." बाबांनी घडी मोडून पुन्हा घातली. "लोक उठून जातात ते मला आरशात दिसत नाही, असं वाटतं तुला?"

तिचा राग होता तिथेच होता, पण आता तो कोणावर काढावा हे तिला समजेना.

"लिही," बाबा म्हणाले. "नोंद ठेवणाऱ्याने वेळ कमी लिहिली. त्याला लाज वाटत होती."

"बाबा, निबंधात असं नाही लिहीत कोणी."

"खरं कारणच हवंय ना बाईंना? मग लिही."

तिने लिहिलं. चारदा खोडून लिहिलेल्या त्या निबंधातलं तेवढं एक वाक्य तिने पुन्हा वाचून पाहिलं नाही.