कूलरच्या पोटातलं पाणी

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे आणि मित्रांनो, मला लाज वाटते. आपली कहाणी सांगायला बसलेल्यानं आधी आपल्या थाटामाटाचं वर्णन करावं, अशी रीत आहे. थाट माझाही होता, तो मी सांगेनच. पण लाजेचं आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे तोंड चोरायला नको.

माझा जन्म चंद्रपूरच्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. बापूराव नावाच्या कारागिरानं पत्रा कापला, वाकवला, ठोकून ठोकून माझं पोट तयार केलं. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो हे तुम्ही ऐकलं असेल. होळी झाली की ऊन जे डोक्यावर बसतं ते मिरगाच्या पावसापर्यंत उतरायचं नाव घेत नाही. छताच्या पंख्याचं तिथे काही चालत नाही. तो बिचारा तापलेली हवाच घरभर फिरवत बसतो. म्हणून आम्ही लागतो. माझ्या पोटात पाणी भरायचं. छोटा पंप ते वर चढवतो, तिन्ही बाजूंच्या गवताच्या ताट्यांवरून ते झिरपतं, आणि माझा पंखा त्या ओल्या ताट्यांमधून हवा ओढून खोलीत सोडतो. बापूरावांनी मला पहिल्यांदा चालू केलं, पाठीवर थाप मारली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "पाणी भल्ला पेते हा. पण हवा अशी देईन का मानूस चादर मांगन." त्यातलं चादरीचं तेवढं मी लक्षात ठेवलं. पाण्याचं सोडून दिलं. स्तुती ऐकताना कान असेच वागतात.

ते गिऱ्हाईक म्हणजे लटारूभाऊ. कोरपन्याच्या बाजूला त्यांचं गाव. त्या वर्षी कापूस चांगला पिकला होता, म्हणून मी त्यांच्या घरी आलो. घरात माणसं तीनच. लटारूभाऊ, त्यांची बायको इंदुताई आणि लेक दिव्यानी. गावातला मी पहिला कूलर. दुपारी शेजारपाजारचे कोणी ना कोणी येऊन माझ्यासमोर सतरंजीवर आडवे व्हायचे. माझा आवाज असा दणदणीत, की समोरासमोर बसलेल्या दोघांना ओरडून बोलावं लागे. पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. पाऊस लागला की मात्र माझी किंमत शून्य. कोपऱ्यात ढकलायचं, अंगावर पोतं टाकायचं. एका हिवाळ्यात तर कोंबडीनं माझ्या पोटात अंडी घातली. मी म्हटलं, चला, कोणाला तरी आपली आठवण आहे.

अशी वर्षं गेली. दिव्यानीचं लग्न होऊन ती वणीला गेली. मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष कमी पडला, पुढच्या वर्षी त्याहून कमी. यंदा चैत्रातच नाल्याची वाळू पांढरीफटक पडली, बोअरवेलचा दांडा हापसून हापसून बायांचे खांदे गेले आणि हाती आली ती हवा. शेवटी टँकर सुरू झाला. टँकर गावच्या विहिरीत पाणी ओतायचा आणि बायांनी ते दोरानं शेंदून घ्यायचं.

पाणी थोडं आणि तोंडं फार, म्हणून गावानं नियम केला. माणशी एक गुंडी. गुंडी म्हणजे बाया डोक्यावरून पाणी आणतात ते भांडं. हा नियम चालवायला विहिरीच्या ओट्यावर कोणी उभं राहायचं, यावर फार बोलावं लागलं नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, इंदुताई. तिचा आवाज खणखणीत आणि हिशोब सरळ. ती ओट्यावरून एकेका घराचं नाव घ्यायची, माणसं सांगायची, तेवढ्या गुंड्या भरायच्या. सगळ्यात शेवटी नंबर यायचा पोडाचा. पोड म्हणजे टेकडीखालची कोलाम आदिवासींची वस्ती. ते लांबून येतात म्हणून शेवटी, असं गाव म्हणायचं. खरं म्हणजे ते लवकर आले तरी शेवटीच असायचे.

त्याच सुमारास दिव्यानी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. एवढंसं बाळ, अंगभर घामोळ्या, दिवसरात्र रडणं. इंदुताईनं विहिरीवर सांगितलं, "आमच्या घरी आता चार. लेक आन् नातू." बाळाची पूर्ण गुंडी धरली म्हणून कोणी कुरकुरलं नाही. उलट पोडातली मंगली दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "धरा न बाई. लेकराले पानी लागते." त्या दोन गुंड्यांतलं बरंचसं पाणी माझ्या पोटात पडू लागलं. माझ्या वाऱ्यानं बाळ शांत झोपायचं. मित्रांनो, तेव्हा मला माझा फार अभिमान वाटायचा आणि तो खोटा नव्हता.

वैशाख लागला तसे जावई आले आणि दिव्यानीला, बाळाला घेऊन गेले. लेक गेली, नातू गेला, त्यांच्या गुंड्या मात्र गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर इंदुताईनं आपल्या घराचं नाव घेतलं आणि "चार" असंच म्हणाली. चुकून म्हणाली की मुद्दाम, ते मला माहीत नाही. तिलाही माहीत नसावं. पण त्या दोन जादा गुंड्या घरी आल्या, माझ्या पोटात गेल्या, आणि लटारूभाऊ माझ्यासमोर घोरू लागले. इंदुताईही पहाटेपासून राबून थकलेली. तिनंही भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. आजचा दिवस, उद्याचा दिवस म्हणता म्हणता त्याची सवय झाली. पुढे ती दुपारी दार लावून घेऊ लागली आणि माझं बटण अगदी हळूवर ठेवू लागली. एके काळी गल्लीभर गाजणारा मी, चोरासारखा कुजबुजायला लागलो. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आणि समजलंही होतं. आमच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या बाया बोलायच्या ते मला ऐकू यायचं. पोडाची पाळी येते तेव्हा विहिरीत चिखल उरतो, मंगलीची गुंडी अर्धीच भरते, तीही गाळून घ्यावी लागते. इंदुताई हे ऐकून म्हणायची, "टँकरवालाच कमी टाकते न बाई." तिचा आवाज तेव्हा खणखणीत नसायचा.

मग तो दिवस आला. दोन दिवस टँकर फिरकला नव्हता. पहाटे मंगली दारात उभी राहिली, हातात रिकामी प्लास्टिकची बाटली. तिचा नवरा पोचू विड्यांसाठी लागणारी तेंदूची पानं तोडायला जंगलात निघाला होता. वर्षातले थोडेच दिवस पानाचा हंगाम असतो, तो चुकवता येत नाही.

"बाई, बाटलीभर पानी द्या न. लोकेशचा बाप पानं तोडाले जाऊन राह्यला. घरी ठेंब नाई."

इंदुताई म्हणाली, "नाई वं मंगली. आमचाबी रांजन कोरडा पडला."

रांजण कोरडा होता, हे खरंच होतं. पण मी गळ्यापर्यंत भरलेला होतो. माझ्या ताटीतून एक थेंब पोटातल्या पाण्यात टपकला. मला वाटलं, मंगलीनं तो ऐकला. ती क्षणभर थांबली, "बरं" म्हणाली आणि गेली. पोचू बाटली न घेताच जंगलात गेला.

सकाळीच लाइट गेली. मी बंद पडलो. घर भट्टीसारखं तापलं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा बाहेर आरडाओरडा झाला. पोचू पानांचा भारा घेऊन परतताना गावाच्या शिवेवर कोसळला होता. त्याचा मुलगा लोकेश आणि आणखी दोघे त्याला उचलून घेऊन आले आणि रस्त्यावरचं पहिलंच घर म्हणून इंदुताईच्या अंगणात, कडुलिंबाखाली त्याला ठेवलं. त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, डोळे फिरलेले, तोंडानं काहीतरी बरळत होता. गावची आशा कार्यकर्ती रीना धावत आली. तिनं हात लावला आणि ओरडली, "ऊन लागलं याले! गाडी बलावली मी, पन थे येतवरी अंग ओलं ठेवा लागते. पानी आना! जेथं असंन तेथून आना!"

माणसं घराघरांत पळाली. कोणी तळातला पेलाभर घेऊन आलं, कोणी अर्धा तांब्या. एवढ्यानं त्याचं कपाळही धड भिजेना. तेवढ्यात मंगली अनवाणी पळत आली आणि नवऱ्याशेजारी मटकन बसली. तिनं कोणाकडे पाणी मागितलं नाही. पहाटे मागून झालं होतं.

इंदुताई दारात उभी होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. नसलेलं बरं, असंही तेव्हा वाटलं. कारण माझं पोट उघडलं की सगळ्या गावाला दिसणार होतं. तिला तेच दिसत होतं. लटारूभाऊंनी मान खाली घातली. आणि इंदुताई तिथेच उभी राहिली. फार वेळ नाही. पण जिवावर बेतलेलं असताना तो वेळ फारच होता.

मग ती एकदम आत आली, माझी मागची ताटी ओढून काढली, इतक्या जोरात की पत्र्यानं तिचा हात कापला. बादली बुडवली आणि बाहेर धावली. बादलीमागून बादली. तिनं स्वतःचं लुगडं फाडून ओलं केलं, पोचूच्या मानेवर, काखेत, पोटावर ठेवलं. लोकेश सुपानं वारा घालत होता. माझ्या पोटाचा तळ दिसू लागला तेव्हा पोचूनं डोळे उघडले आणि कोलामीत काहीतरी म्हणाला. मंगली रडायला लागली. दवाखान्याची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली.

आता मला वाटलं, फुटलं बिंग. आता इंदुताईची अब्रू जाणार, माझीही जाणार. पण झालं भलतंच. गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, "पाहा! इंदुताईनं येळेवरच्यासाठी पानी जपून ठेवलं व्हतं. नाईतं आज मानूस गेला असता." सगळ्यांनी माना हलवल्या. दोन दिवसांनी टँकर आला, पोचू दवाखान्यातून परत आला, आणि बायांनी येऊन मला हळदकुंकू लावलं. एकीनं माझ्या गळ्यात झेंडूची माळही घातली. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. शिव्या मी सोसल्या असत्या, ती माळ सोसवेना. इंदुताई आत चुलीपाशी बसून होती. तिनं दोन दिवस घासही गिळला नव्हता.

बाया गेल्यावर मंगली आली. पोडापासून इथवर, भर उन्हात, डोक्यावर भरलेली गुंडी घेऊन. तिनं ती उतरवली आणि ओट्यावर ठेवली. आमच्या गावात मीठ, पीठ उसनं घेतात तसं टंचाईत पाणीही उसनं घेतात. ते ठेवून घेणं वाईट समजतात.

"तुमचं उसनं," मंगली म्हणाली. "आज आमाले भरून भेटली गुंडी. म्हनलं, पयले तुमचं देऊन टाकू."

"नोको, मंगली. घेऊन जाय."

"काऊन? उसनं ठेवून घेतलं तं आमाले पचन काय?"

इंदुताई चुलीपासून उठून ओट्यावर आली. तिनं "हो" म्हणून गुंडी आत नेली असती, तर गोष्ट तिथेच मिटली असती. गाव तिचं गुणगान करत राहिलं असतं. तिनं भिंत धरली.

"थे पानी माहं नव्हतं वं," ती म्हणाली. "दिव्यानी गेली तरी मी तिची आन् लेकराची गुंडी भरत राह्यली. तुमच्या पोडाच्या वाट्याची. आमाले गार हवा पाह्यजे म्हनून."

मंगलीनं माझ्याकडे पाहिलं. माळेकडे पाहिलं. मग एकच विचारलं.

"मी पहाटे आली तवा होतं?"

"होतं. भरून होतं."

 मंगलीनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि गुंडीशी वाकली. भरलेली गुंडी एकटीनं डोक्यावर चढत नाही, कोणाचा तरी हात लागतो. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

"हात लावा," मंगली म्हणाली.

इंदुताईनं दोन्ही हातांनी गुंडी उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. दोघींची तोंडं एका वितीवर होती, पण एकीनंही दुसरीकडे पाहिलं नाही. मग मंगली आपलं पाणी घेऊन निघून गेली. इंदुताई रिकामे हात तसेच वर धरून किती तरी वेळ उभी होती.

पुढच्या टँकरला तिनं विहिरीच्या ओट्यावरून सगळ्यांसमोर खरं सांगितलं आणि ओट्यावरून खाली उतरली. कोणी काय काय बोललं, ते मी सांगत नाही. त्यातलं निम्मं मलाही लागू होतं. आता पोडाची पाळी आधी असते आणि इंदुताई रांगेत शेवटी उभी राहते. मंगली तिच्याशी अजून बोलत नाही. लटारूभाऊ दुपारी ओला दुपट्टा अंगावर घेऊन कडुलिंबाखाली पडतात. माझ्या ताट्या वाळून खडखडीत झाल्या आहेत, आणि यात मला काही वाईट वाटत नाही.

मित्रांनो, पाणी जपा, झाडं लावा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझ्यासारख्या गंजक्या पत्र्यानं आणखी काय सांगावं? गार हवा वाईट नसते. बाळ तिनं झोपतं, म्हाताऱ्या माणसाचा जीव तिनं वाचतो. पण तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद खिडकीत बसून गरगरत असेल आणि दारात कोणी रिकामी बाटली घेऊन उभं राहिलं, तर माझी एवढी विनंती ऐका. आधी त्या कूलरच्या पोटात डोकावून पाहा, आणि मगच "नाही" म्हणा.