मध्यंतरातला बदल

"पॅड काढ," कल्पिता म्हणाली आणि मुलीकडे न बघता पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

माजिवड्याच्या मैदानावर मध्यंतर झालं होतं. कॉलेजांच्या हॉकी स्पर्धेची उपांत्य फेरी. डोंबिवलीच्या मुली दोन गोलांनी मागे. कल्पिता त्यांची प्रशिक्षक, आणि गोलमध्ये तिचीच मुलगी, समृद्धी.

दोन्ही गोलांत समृद्धीचा दोष नव्हता. एक चेंडू आपल्याच मुलीच्या स्टिकला लागून आत वळला, दुसरा पेनल्टी स्ट्रोक. एरवी होणारे कितीतरी गोल तिने अंगावर घेऊन अडवले होते. कल्पिताला ते दिसलं होतं. पण राखीव गोलकीपर निशिगंधाचे वडील जाळीपलीकडून शेजाऱ्याला मुद्दाम मोठ्याने जे म्हणाले, तेही तिने ऐकलं होतं.

"तिला कोण बाहेर काढणार? घरचंच कार्य आहे."

तेव्हापासून कल्पिताचे कान तापले होते.

"निशिगंधा, आता तू."

संघाकडे गोलकीपरचं किट एकच होतं. समृद्धीने पॅड सोडवले आणि गुडघ्यांवर बसून निशिगंधाच्या पायांना बांधू लागली.

"हा पट्टा सैल होतो, बघत जा. आणि त्यांची ती उंच पोरगी आहे ना, ती उजवीकडेच मारते."

कल्पिता पाठ फिरवून बाकीच्या मुलींशी बोलत राहिली. आवाज उगाचच चढला होता.

उत्तरार्धात पुढच्या मुली जीव तोडून खेळल्या. तीन गोल झाले. निशिगंधावर नेमका एक कठीण फटका आला, उंच मुलीचा, उजवीकडे. तिने तो अडवला. संघ अंतिम फेरीत गेला.

निशिगंधाचे वडील धावतच आत आले. "मॅडम, मानलं तुम्हाला! पोटच्या पोरीला बसवायला जिगर लागते हो."

भोवतीच्या पालकांनी माना डोलावल्या. कल्पिता हसली. ते ऐकून आपल्याला बरं वाटलं, हे ध्यानात आलं तशी तिची नजर खाली गेली. कसलंसं निमित्त सांगून ती तिथून निघाली.

समृद्धी नळावर सगळ्यांच्या बाटल्या भरत होती.

"समू, परवा फायनलला तूच उभं राहायचंस."

"का?"

"तू जास्त चांगली आहेस. आजही चांगलीच खेळत होतीस."

समृद्धीने नळ बंद केला. आईकडे तिने आता पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता.

"मग निशीला काय सांगणार? तिचं काय चुकलं?"

समृद्धीने भरलेल्या बाटल्या कवेत घेतल्या.

"तिला तूच सांग हं, आई. मी नाही सांगणार."

मैदानाच्या मधोमध मुली फोटोसाठी गोळा झाल्या होत्या. अंगात अजून ते किट घालून निशिगंधा हात हलवत ओरडली, "मॅडम, या ना! तुमच्यासाठी जागा ठेवलीय!"

"आले," कल्पिता म्हणाली, आणि तोंड धुवायला नळाखाली वाकली.