टेबलावरच्या घंटीचा संताप

मी एक जुनी पितळी घंटी आहे. टेबलावर बसते, डोक्यावरची कळ दाबली की 'टण्ण' करते. मित्रांनो, घंटीने गोडच बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर माफ करा. आज माझं डोकं फिरलंय.

मला घडवणारा कारागीर मोठा चिकित्सक माणूस होता. कानापाशी धरून पुन्हा पुन्हा वाजवून बघितलं, आणि हिची हाक भिंतीपलीकडे गेली पाहिजे, म्हणाला. तिथून मी गेले ती थेट दवाखान्यात. डॉक्टरबाई मला वाजवायच्या आणि बाहेर बाकावर बसलेला पुढचा पेशंट आत यायचा. माझ्या आवाजाचा अर्थ एकच होता, 'आत या'. लस टोचायच्या दिवशी तर माझी चंगळच. पोरं रडून दवाखाना डोक्यावर घ्यायची. मग नर्सताई मला त्यांच्यापुढे सरकवायच्या आणि शूर माणसाने घंटी वाजवायची असते, असं सांगायच्या. पोर नाक ओढत कळ दाबायचं आणि रडता रडता हसायचं. एका पठ्ठ्याने तर मला टेबलावरून पाडलं. तेव्हा कडेला पडलेला पोचा अजून आहे.

पुढे दवाखान्यात नंबर दाखवणारी लाल दिव्यांची पाटी आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथे धूळ खात पडले होते, तेवढ्यात चौकशी आयोग बसला. लस घेतल्यावर त्रास झाला अशा काही तक्रारी आल्या होत्या, त्या लोकांच्या साक्षी ऐकायच्या होत्या. दवाखान्यातली जुनी टेबलं-खुर्च्या सभागृहात नेली, त्यांच्याबरोबर मीही गेले. म्हटलं, चला, पुन्हा माणसांना आत बोलवायचं.

कसलं काय! अध्यक्षसाहेबांनी मला उजव्या हाताशी ठेवलं आणि साक्षीदाराची वेळ संपली की वाजवायला लागले. शिपाई त्यांना पाठीमागे 'घड्याळसाहेब' म्हणायचे. एक म्हातारा बायकोच्या दुखण्याचं सांगताना आवंढा गिळायला थांबला, तर टण्ण. ज्या गळ्यातून 'आत या' निघायचं, त्याच गळ्यातून आता 'चालते व्हा' निघत होतं. मला लाजही वाटायची आणि चीडही यायची.

बाहेर फलक घेऊन ओरडणारेही काही कमी नव्हते. त्यांच्या लेखी प्रत्येक लस म्हणजे विष, आणि आतल्या तज्ज्ञांच्या लेखी प्रत्येक तक्रार म्हणजे योगायोग. मधल्या मधे जो भोगत होता, त्याचं ऐकायला कोणाला सवड नव्हती.

मग एक दिवस शिवणकाम करणारी एक आई आली, बरोबर तिची मुलगी. मुलीच्या झग्याला पुढून बटणं लावलेली होती, कारण उजवा हात वर जात नव्हता. लस घेतल्यावर काही दिवसांनी तो दुखायला लागला आणि मग लुळा पडला, असं आईने सांगितलं. फलकवाल्यांनी तिला दारात अडवून लसीला शिव्या घालायला सांगितलं होतं. तिने साफ नकार दिला. धाकट्याला मी लस दिलीच आहे, म्हणाली. तिचं मागणं एवढंच होतं, की पोरीचा हात आयोगाने मोठ्या डॉक्टरांकडून नीट तपासून घ्यावा. पण आयोगातले डॉक्टर पोरीकडे न बघताच म्हणाले, की हात आधीपासूनच अधू असणार. तसं नोंदलं गेलं असतं, तर तपासणीचा प्रश्नच मिटला असता.

ती उत्तर द्यायला लागली, आणि टण्ण.

ती उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग हात पुढे करून तिने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि तिला तो ओळखीचा पोचा लागला.

"साहेब, ही दवाखान्यातली घंटी आहे," ती म्हणाली. "सुई टोचल्यावर माझ्या पोरीने ही याच हाताने वाजवली होती."

मागच्या रांगेत साक्षीला आलेल्या नर्सताई उभ्या राहिल्या. "खरं आहे. मीच पुढे सरकवली होती. इतकी दणकून वाजवली, की डॉक्टरबाई दचकल्या होत्या."

घड्याळसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

आईने मला उचलून मुलीसमोर ठेवलं. तिचा उजवा हात धरून माझ्या कळीवर टेकवला आणि सोडून दिला.

"वाजव, बाळा."

माझी कळ काही जड नाही. त्या मुलीहून लहान पोरांनी मला वाजवलंय. ती जीव खाऊन दाबत होती, मित्रांनो. ओठ दाताखाली गेला, पण कळ तसूभरही खाली गेली नाही. आपणच वाजावं असं मला वाटलं, पण पितळेला ते जमत नाही.

शेवटी घड्याळसाहेब लेखनिकाला म्हणाले, "लिहा, घंटी वाजली नाही." मग खाली बघत म्हणाले, "लस घेतली त्या दिवशी वाजली होती, हेही लिहा. मुलीला तपासणीला पाठवा."

तो हात लसीमुळे गेला की आणखी कशामुळे, मला ठाऊक नाही. मी पितळ आहे, डॉक्टर नाही. पण ते शोधायलाच तर एवढी मंडळी जमली होती ना? मग आधी ऐकून घ्यायला काय झालं होतं? एका आईला पोरीचं दुखणं असं चव्हाट्यावर मांडायला लावलं, याचा मला राग आहे. तो अजून गेलेला नाही, कारण दुसऱ्या दिवशी साक्षी सुरू झाल्या तेव्हा मी पुन्हा घड्याळसाहेबांच्या उजव्या हाताशीच होते.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही मोठे झालात आणि माझ्यासारखी एखादी घंटी तुमच्या हाताशी आली, तर ती माणसाला आत बोलवायला वापरा. समोरचा आवंढा गिळत असेल, तर बोट आवरा. तुम्हाला ते उचलता येतं. त्या मुलीला अजून येत नाही.