तिसरी शिट्टी

"त्या मोबाईलमधी पाहून कोणाले नाव नको ठेवू, पोरी. आवाज तं येतच नाही त्याच्यात," असं शारदाबाईंनी सुनेला एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. शर्मिष्ठा नुसती हसली होती. टीव्हीचा रिमोट उलटा धरणाऱ्या सासूनं आपल्याला कॅमेरा शिकवावा! आपण एम.एस्सी. झालेल्या, तेही फिजिक्समध्ये.

हिंदी मुलखातल्या शहरात, चौबे कॉलोनीतल्या त्या मराठी घरात सकाळचे नऊ वाजले की शर्मिष्ठाचा मोबाईल ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकून उभा राहायचा. शंकर नगरच्या बालशाळेनं वर्गावर्गांत कॅमेरे बसवले होते, आईबापांना घरबसल्या आपलं लेकरू दिसावं म्हणून. चित्र यायचं, आवाज नाही. ईरा चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कान ठणठणीत आहेत, वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. वाट बघणं शर्मिष्ठाच्या स्वभावातच नव्हतं. ती लेकीलाच बघत राहायची.

दिवाळीनंतर ईरा घरी काहीबाही आवाज काढायला लागली. एकदा तर स्वच्छ "मिस" म्हणाली. शर्मिष्ठानं सगळं श्रेय शंखपुष्पीच्या बाटलीला दिलं आणि आणखी दोन बाटल्या आणून ठेवल्या. वर्गशिक्षिका भावना मिस तिला जरा नाचरीच वाटायची. पंचविशीतली पोरगी, खुर्चीवर टेकलेली कधी दिसायची नाही. कधी गुडघ्यांवर, कधी टेबलाखाली, हात सारखे हवेत.

एका गुरुवारी शर्मिष्ठानं पोळी लाटता लाटता मान वर केली. पडद्यावर भावना मिस दोन्ही हात वर करून थरथरत होती, तोंड वासलेलं, डोळे वटारलेले. समोर बावीस पोरं कानांवर हात ठेवून अंग चोरून बसलेली. त्यात ईरा. तव्यावरची पोळी करपली तरी शर्मिष्ठाला भान नव्हतं. तिनं वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं, पालकांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "इतने छोटे बच्चों पर कोई ऐसे चिल्लाता है क्या?"

मग काय विचारता! "हव, मैंने भी देखा है, बहुत भड़कती है." "तभी मेरा बेटा नींद में चौंकता है." दुपारपर्यंत सत्तावन्न मेसेज झाले. शाळेत जाऊन विचारलं मात्र एकानंही नाही.

"काहून वो," शारदाबाई म्हणाल्या, "ते पोट्टी काय करून राहिली होती, तिले विचारलं तरी का तू?"

"आई, दिसतंय ना डोळ्यांनी!"

सोमवारपासून भावना मिस खुर्चीवर. रेकॉर्डिंग फिरत फिरत शाळेत पोचलं होतं आणि शाळेनं तिला लेखी सूचना दिली होती: आवाज हळू, हात टेबलावर, मुलांपासून दोन पावलं लांब. पडद्यावर सगळं कसं शांत झालं. पोरं भिंतीकडे बघत बसायची. एक जण पाण्याच्या बाटलीचा पट्टा चघळत असायचा. ईरा बाकावर गाल टेकवून पडायची आणि घरी येऊनही तशीच पडून राहायची. दोन आठवड्यांत तिचे आवाज एकेक करून बंद झाले. "मिस"सुद्धा.

मग एका रविवारी घरात कुकर लावलेला. तो फुसफुसायला लागला तशी ईरा धावत आली आणि तिनं कानांवर हात ठेवले. एक शिट्टी झाली. दुसरी झाली. पोरीनं दोन्ही हात वर केले, अंग थरथरवलं, तोंड वासलं, डोळे वटारले आणि आईकडे बघत तशीच थांबली.

शर्मिष्ठानं मोबाईलमधलं ते वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्या दिवशी ती बाई ओरडत नव्हती. कुकर झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भावनाला शाळेच्या फाटकाशी गाठलं. "मिस, तो कुकर होता ना?"

"हव," भावना म्हणाली. तीही मराठीच, बूढापाऱ्यात राहणारी. "तीनचा आकडा शिकवून राहिली होती. दोन शिट्ट्या माझ्या, तिसरी पोरांची. तुमची ईरा सगळ्याइच्या आधी द्यायची. तुम्हाले माहीत नव्हतं?"

"मी प्राचार्य मॅडमना सांगते. ग्रुपवर माफी मागते. तुम्ही पहिल्यासारखं शिकवा हो."

"मागा." ती चिडली असती तर बरं झालं असतं. "पण आता हात उचलला का मले वरचा कॅमेराच दिसते, मॅडम. कोण पाहून राहिलं, काय समजून राहिलं, तेच डोक्यात फिरते."

माफीच्या मेसेजला चार जणांनी उत्तर दिलं. प्राचार्यांनी सूचना मागे घेतली, तीही तोंडी. बुधवारी भावना खुर्चीवरून उठली. पोरांनी लगेच कानांवर हात नेले आणि सरसावून बसली. मिसचे हात खांद्यांपर्यंत आले. तिनं वर बघितलं, थेट कॅमेऱ्यात. हात खाली गेले. ती परत बसली. बाकीच्या पोरांनी कान सोडून दिले. ईरा मधल्या सुट्टीपर्यंत कान धरून बसली होती.

गुरुवारपासून भावना शाळेत आलीच नाही. आता नवी मिस आहे, पुस्तकातलं बसून वाचते. ग्रुपवर सगळे खूश आहेत, "बहुत शांत टीचर है." डॉक्टर आता वाट बघा म्हणत नाहीत, थेरपीचं बघा म्हणतात, आणि किती फरक पडेल ते सांगत नाहीत. ईरा कशाचीच वाट बघत नाही.

शर्मिष्ठा तीनदा बूढापाऱ्यात जाऊन आली. तलावामागच्या गल्लीत, शिलाईच्या दुकानावरची खोली. तिन्ही वेळा आत पंखा फिरत असलेला ऐकू आला. दार उघडलं नाही. दुकानवाला म्हणतो, "दीदी आठ-आठ दिन नीचे नहीं उतरती." फोन लागत नाही.

तुमच्यापैकी कोणी तिकडे राहत असेल, किंवा जाणं-येणं असेल, तर एकदा वर चढून बघा. कडी वाजवा, थोडं थांबा, पुन्हा वाजवा. ती बरी आहे का, जेवते का, एवढंच विचारा. शर्मिष्ठाचं नाव मात्र काढू नका.